व्हाइट थीम

सावेडी, नगर
८ जून २०२५

ताई,

सप्रेम जय भीम.

तू परत पाठवलेला अल्बम मिळाला. पार्सलचा एक कोपरा दबला आहे, आतल्या पानांना काही झालेलं नाही. सोबत चिठ्ठी असेल म्हणून वरचा कागद उलटून पाहिला. नव्हती. तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस, म्हणून हे पोस्टाने पाठवते आहे.

तुझा निरोप चेतनदाजींनी फोनवर सांगितला: वाल्मिकदादांच्या स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावलेला तुझा फोटो उतरवायचा आणि इन्स्टाग्रामवरूनही काढायचा. कारण विचारलं तर "तुला माहिताय म्हणते ती" एवढंच बोलले. कारणं दोन असू शकतात. दोन्हींचं उत्तर देते.

एक. अल्बममध्ये तू आणि दाजी स्पष्ट आहात आणि मागचं सगळं पुसट आहे. हा बिघाड नाही, लेन्सचा गुण आहे. तुझ्या लग्नासाठी मी वाल्मिकदादांची पंच्याऐंशी मिलिमीटरची लेन्स मागून नेली होती. तिचं तोंड मोठं उघडतं. फोकस ज्या चेहऱ्यावर असेल तेवढा उमटतो, त्याच्या मागचं विरघळून जातं. मांडवाखाली उजेड कमी होता. डोळ्याला ते जाणवत नाही, कॅमेऱ्याला जाणवतं. अशा वेळी लेन्स पूर्ण उघडावीच लागते. आप्पांनी विहारातून आणलेल्या बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरी त्यामुळे ओळखू येत नाहीत. त्याला इलाज नव्हता.

दोन. इन्स्टाग्रामवर तुझ्या फोटोखाली कुणीतरी विचारलं होतं, 'ख्रिश्चन वेडिंग आहे का?' त्यावर स्टुडिओच्या नावाने 'नाही, व्हाइट थीम' असं उत्तर गेलं आहे. ते अकाउंट स्टुडिओतले सगळेच वापरतात. कुणी लिहिलं ते विचारते.

फोटो लगेच उतरवणं अवघड आहे. लोक तो पाहूनच आत येतात. दिवाळीनंतर कँडिड फोटोंचं सगळं काम माझ्याकडे सोपवायचं वाल्मिकदादांच्या मनात आहे. तसं झालं तर कंपनीतली टेस्टिंगची नोकरी सोडता येईल. त्याआधी मला स्वतःची एक मोठी वस्तू घ्यायची आहे: कॅमेऱ्याची नवी बॉडी, किंवा रोजच्या कामाची झूम लेन्स, किंवा ही पंच्याऐंशीची. तिन्हींचे तपशील समोर मांडून बसले आहे. तेव्हा थोडं थांब.

अल्बम माझ्याकडे जपून ठेवते.

यशोधरा

---

सावेडी, नगर
६ जुलै २०२५

ताई,

जय भीम. तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती.

मागच्या रविवारी काम नव्हतं, म्हणून कर्जतला गेले. अल्बम बरोबर नेला. तू तो परत धाडलास हे आप्पांना सांगायचं नव्हतं, पण आईने पिशवीत हात घातला आणि बाहेर काढला. मग दोघं पडवीत बसून बघू लागले.

"लई भारी झालेत फोटू," आप्पा म्हणाले. "शिनेमावानी."

आईने दोन-तीन पानं उलटली. मग पहिल्यापासून परत सुरुवात केली.

"आवो, पन बाबासायब कुठं गेलं?"

"हायेत की. ते काय निळं दिसतंय, तेच."

"ते निळं म्हंजी बाबासायब व्हय?"

"आगं, तू मागं कशाला बगतीस? लेकीकडं बग. कशी दिसतीय."

मी आईला तेच सांगितलं जे तुला लिहिलं होतं, की मांडवात उजेड कमी होता. आईने अल्बम मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"भर दुपारी?"

आप्पा म्हणाले, "तिला कळतंय तिचं काम. तू नगं शिकवू." आणि अल्बम मिटून फडताळात वर ठेवून दिला. तो मी तिथेच ठेवून आले. आई मात्र जेवेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. वाढताना फक्त "आमटी घे" म्हणाली.

आप्पांनी मला सोडायला स्टँडपर्यंत येताना सांगितलं की तू त्यांचाही फोन उचलत नाहीस. "फोटू चांगलं हायेत म्हनलं मी, तवापासून. जाऊ दे, तिचं बी खरं आसंल." हे तुझ्यापर्यंत पोचावं म्हणून लिहिते आहे.

आता उजेडाचं.

विहारापुढच्या अंगणात वर पातळ पांढरं कापड होतं, दोन्ही बाजू उघड्या होत्या, तुमचे दोघांचे कपडे पांढरे. उजेड कमी नव्हता. इतका होता की लेन्स पूर्ण उघडी ठेवली तर माझ्या जुन्या बॉडीचं शटर त्याला पुरं पडेना, फोटो पांढरेफटक येऊ लागले. साधा उपाय म्हणजे लेन्सचं तोंड बारीक करणं. तसं केलं असतं तर तूही आली असतीस आणि मागच्या तसबिरीही आल्या असत्या. मी तसं केलं नाही. बॅगेतून उजेड अडवणारी काळी काच काढली, लेन्सच्या पुढे बसवली आणि लेन्स उघडीच ठेवली. ती काच मी त्याच कामासाठी सकाळी आठवणीने बॅगेत टाकली होती.

हे फोटोग्राफीतलं कळणाऱ्या कुणालाही अल्बमचं एक पान पाहून सांगता येईल. आपल्या घरात ते कुणाला कळणार नाही हे मी धरून चालले होते.

यशोधरा

---

सावेडी, नगर
२४ ऑगस्ट २०२५

ताई,

जय भीम.

या महिन्याच्या सुरुवातीला स्टुडिओत एक बाई आणि त्यांची मुलगी आल्या होत्या. मुलीचं लग्न डिसेंबरात आहे. बाई सरळ काचेतल्या फोटोपाशी गेल्या.

"हीच ना ती व्हाइट थीम? इन्स्टावर वाचलं मी. किती सुंदर दिसते हो मुलगी. कुठलं लग्न?"

"इकडचंच," मी म्हटलं.

"आमच्यात पांढरं नाही चालत हं. नवरीच्या अंगावर पांढरं म्हणजे कसंतरीच. पण लुक असाच पाहिजे."

मी मान हलवली. तुझ्या फोटोसमोर उभी राहून हलवली.

मग त्यांनी नाव विचारलं. यशोधरा, मी सांगितलं. "हो, पण पूर्ण?" मी कार्ड दिलं. कार्डावरही फक्त यशोधरा आहे, खाली स्टुडिओचं नाव. त्या कार्ड वाचत असताना आप्पांचा फोन आला. तुला माहीत आहे ते फोनवर केवढ्याने बोलतात. "जय भीम, बेटा!" मी आवाज कमी करायचं बटण दाबलं आणि म्हटलं, "हां, बोला." आप्पा थांबले. मग हळू आवाजात म्हणाले, "कामात हायेस का? ऱ्हाऊ दे, मग बोलू." त्यानंतर त्यांनी स्वतःहून मला कामाच्या वेळी फोन केलेला नाही.

दोघी काम ठरवून गेल्या. वाल्मिकदादा कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होते. दार लागल्यावर हसायला लागले.

"आगं येडे, आडनाव लपवती आणि यशोधरा नावाचं कार्ड वाटती व्हय? त्या बाईला वाचल्या वाचल्या कळलं."

"मग त्या काही बोलल्या नाहीत."

"काय बोलनार? त्यान्ला फोटो पायजे. मला बी पयल्या दिवशीच कळलं हुतं. मी इचारलं का कदी?" मग त्यांचं हसू थांबलं. "पन ते व्हाइट थीम कुनी लिवलं गं? लोक माज्याच डोक्यावर बसत्यात, तसली थीम करून द्या म्हनून."

"मी," मी म्हटलं.

"हां," ते म्हणाले आणि चहा सांगायला उठले.

तर ते उत्तर कुणी लिहिलं ते विचारून सांगते असं मी तुला जूनमध्ये लिहिलं होतं. विचारण्यासारखं कुणी नव्हतं. प्रश्न आला तेव्हा मी बसमध्ये होते. 'बौद्ध पद्धतीचं लग्न' एवढंच टाइप करायचं होतं. टाइप केलंही होतं. पुसलं आणि ते दुसरं लिहिलं. त्या वेळी मला फार हुशारी केल्यासारखं वाटलं, हेही खरं आहे.

तुझे फोटो काढताना हे सगळं डोक्यात इतकं स्पष्ट नव्हतं असं लिहिणार होते. पण काळी काच सकाळीच बॅगेत टाकली होती, हे मी मागच्या पत्रात लिहून बसले आहे. मला लोकांना दाखवायला एक लग्न हवं होतं, आणि ते कुणाचं आहे हे त्यावरून कळायला नको होतं. तू आयती मिळालीस. माझ्यासमोर तू कधीच अवघडत नाहीस, म्हणून चेहराही छान आला.

नवी वस्तू घेतली. पंच्याऐंशीची लेन्सच. नवी बॉडी जास्त उपयोगाची होती: दोन मेमरी कार्डं बसतात, एक बिघडलं तरी लग्न हातचं जात नाही. झूम त्याहून उपयोगाची होती, दाटीच्या मांडवात तिच्याशिवाय हाल होतात. तिन्हींचं वजन, धार, उजेड, सगळं मी ताडून पाहिलं. उत्तर झूम येत होतं. मी पंच्याऐंशीची घेतली. वाल्मिकदादांना कारण सांगितलं की तिचा रंग चांगला येतो.

फोटो अजून काचेत आहे.

यशोधरा

---

सावेडी, नगर
१६ नोव्हेंबर २०२५

ताई,

जय भीम. मधले जवळजवळ तीन महिने लिहिलं नाही. लिहायला घेतलं की मी स्वतःची बाजू मांडू लागते, म्हणून थांबले होते.

सप्टेंबरात अश्विनी नावाची एक मुलगी स्टुडिओत आली. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, घर इथलंच. एकटीच आली. काचेतल्या फोटोकडे बोट दाखवून म्हणाली, "मला असंच पाहिजे. मागचं काही दिसायला नको."

"हॉल कुठला आहे?" मी विचारलं.

"हॉल नाही, विहार आहे." मग थोडं थांबून म्हणाली, "तुम्ही आमच्यातल्याच ना? कळलं मला फोटोवरून. ही साडी, हे हार. म्हणजे बाकीच्यांना नाही कळणार, आपल्याला कळतं. म्हणून तर तुमच्याकडे आले. ऑफिसचे सगळे बघणार आहेत, नंतर एकेक जण विचारत बसतो. मला नकोय ते."

ती हे अजिबात न लाजता बोलली. केस कापायला सांगावेत तसं. मला कुठे बघावं ते कळेना. मी तारीख लिहून घेतली.

लग्न परवा झालं. विहार लहान आहे. बौद्धाचार्यांनी त्रिशरण-पंचशील सुरू केलं, सगळे हात जोडून उभे राहिले. मी पुढे, नवरा-नवरीसमोर, लेन्स पूर्ण उघडी. दोघांच्या मागे भिंतीला लागून तसबिरी, मेणबत्त्या, फुलं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते सगळं मिळून दोन रंगीत डाग दिसत होते. हे मला तुझ्या लग्नापासून पाठ आहे.

वंदना संपली तसे अश्विनीचे वडील, सहादेवकाका, माझ्या शेजारी येऊन वाकले. पडद्यात बघायचा प्रयत्न करत होते, चष्मा विसरले होते.

"ताई, बाबासाहेब नीट येत्यात ना?"

एरवी मी अशा वेळी 'हो' म्हणते आणि पुढे सरकते. पाहुणे काहीही विचारतात.

"नाही येत, काका," मी म्हटलं.

त्यांना राग आला नाही. आश्चर्यही वाटलं नाही. जागा अपुरी पडते आहे असंच त्यांना वाटलं असावं. मागे वळून लोकांना म्हणाले, "ए, जरा वाट द्या रं, फोटोवाल्या ताईन्ला मागं येऊ द्या." आणि मला म्हणाले, "सरा मागं. किती बी सरा. आमी करतो जागा."

लोक बाजूला झाले. बायकांनी मुलं उचलून घेतली. मी मागे सरकत दारापर्यंत गेले, लेन्सचं तोंड बारीक केलं आणि फोटो घेतला. अश्विनी, तिचा नवरा, दोन्ही तसबिरी, फुलाची पाकळी न् पाकळी. सगळं आलं. लेन्स तीच होती, पंच्याऐंशीची. पहिल्या पत्रात मी तुला लेन्सचा गुण म्हणून जे लिहिलं होतं, ते पुन्हा वाचू नकोस.

नंतर अश्विनीने कॅमेऱ्यात सगळे फोटो पाहिले. त्या फोटोवर जरा थांबली. म्हणाली, "हा पप्पांना द्या. घरच्या अल्बमला चालेल. इन्स्टासाठी मी सांगितले तेच." मी बरं म्हटलं. तिला वेगळं काही सांगण्याचा अधिकार मला नव्हता. मीच तिला दुकानात लावून दाखवलं होतं ते.

उद्या फोटो उतरवते.

यशोधरा

---

सावेडी, नगर
२३ नोव्हेंबर २०२५

ताई,

जय भीम.

तुझा फोटो सोमवारी काचेतून उतरवला. वाल्मिकदादांनी कारण विचारलं नाही. "आता तितं काय लावायचं ते बी तूच बग," म्हणाले. फोटो गुंडाळून माझ्या खोलीवर आणला आहे.

इन्स्टाग्रामवरचा लगेच काढला नाही. आधी ते उत्तर दुरुस्त करायचं होतं. 'हे बौद्ध पद्धतीचं लग्न आहे. कर्जत येथे झालं. नवरी माझी मोठी बहीण आहे,' असं लिहिलं आणि खाली माझं पूर्ण नाव आडनावासकट घातलं. काही दिवस ते तसंच राहू दिलं, मग तुझ्या सांगण्याप्रमाणे फोटोही काढला. डिसेंबरातल्या त्या बाईंनी काम रद्द केलेलं नाही. केलं असतं तर हे सांगणं मला सोपं गेलं असतं. मी जे लपवलं त्यातून मिळायचं तेही फारसं नव्हतं.

पण हे पत्र त्यासाठी नाही.

जुनं 'व्हाइट थीम'चं उत्तर खोडताना त्याच्याखाली एक लाल बदाम दिसला. कुणीतरी ते आवडल्याची खूण केली होती. बोट ठेवलं तर नाव आलं: कारभारी. फोटोत आप्पा, टोपी घालून, आपल्या दारात.

मी तेव्हाच फोन केला.

"आप्पा, तुम्ही इन्स्टाग्रामवर कधीपासून आहात?"

"चेतननं लग्नातच टाकून दिलं हुतं मोबाईलमदी. तुजं फोटू बगायला."

"जयाताईच्या फोटोखाली मी जे लिहिलं होतं, ते तुम्ही वाचलं होतं?"

"व्हय."

"त्याला तो बदाम तुम्ही दिलात?"

"व्हय. का? नगं हुता द्यायला?"

"त्याचा अर्थ कळला होता तुम्हाला?"

मागे आईचा भांड्यांचा आवाज येत होता.

"कळायला काय? आपल्या लग्नाला तू दुसरंच कायतरी म्हनलीस, येवढं कळलं."

"मग बदाम कशाला दिलात?"

"आगं, तितं लोक बगत्यात, कुनाला किती बदाम हायेत ते. तुज्या त्या उत्तराला एक बी नव्हता. म्हनलं आपला आसू दे."

तेच पुढे म्हणाले, "म्हनून तर अल्बम बगताना तुज्या आईला गप केलं. ती बोलत बसली आस्ती. आमच्यामुळं तुजं काम आडाय नगं, बेटा."

आणि मग, "जयाला सांगू नगं हे. तिला लई लागंल."

मी हो म्हटलं आणि आता सांगते आहे.

त्यांनी फोटो चांगले आहेत म्हटलं म्हणून तू त्यांच्याशी बोलणं टाकलंस. त्या फोटोत काय नाही, हे त्यांना तुझ्या आणि आईच्या आधी दिसलं होतं. का नाही, तेही कळलं होतं. तरी 'लई भारी' म्हणत ते सगळ्यांना अल्बम दाखवत फिरले. मी लपवत होते आणि मला ते लपवता यावं म्हणून ते मदत करत होते.

'आमच्यामुळं' या शब्दावर मला काही बोलता आलं नाही. तसं नाही, एवढंसुद्धा म्हणता आलं नाही, कारण तसंच होतं आणि ते मीच केलेलं होतं. आप्पा "बरं, ठिवतो," म्हणाले आणि फोन ठेवला.

मला उत्तर पाठवू नकोस. नंबरही तसाच ब्लॉक राहू दे. पण आप्पांना फोन कर. त्यांच्यामुळे माझं काही अडत नाही, हे मी म्हटलेलं ते मानणार नाहीत, मी केलेलं त्यांनी वाचलं आहे. तू म्हणालीस तर मानतील. सकाळी ते अंगणात असतात आणि मोबाईल आत चार्जिंगला असतो. आई उचलेल. आप्पांना बोलाव म्हण, आणि ते येईपर्यंत ठेवू नकोस.

यशोधरा